ऑफिसात नेट चालतं, घरी आलं की बंद: लॅपटॉपचं हे रोजचं दुखणं शेवटी कसं मिटलं

आधी दुखणं काय ते सांगतो, म्हणजे तुमचं वेगळं असेल तर इथूनच परत फिरा. ऑफिसात लॅपटॉपवर नेट व्यवस्थित, संध्याकाळी घरी आणला की वाय-फायला जोडला जातो, काड्या फुल्ल, पण ब्राउझरमधे एक पान उघडेल तर शपथ. मग आयपी (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) ऑटोवर टाक, प्रॉक्सी (ऑफिसात नेटला जाताना लागणारा मधला सर्व्हर) बंद कर, रिस्टार्ट मार, असं करत करत रात्री साडेनऊला कधीतरी नेट सुरू होतं, आणि सकाळी ऑफिसात गेलं की तिथे बंद, कारण घरी जे काढलं तेच नेमकं तिथे लागतं. दोन-अडीच वर्षं मी हे असंच रेटलं. बायको म्हणायची, "मोबाईलवर चालतंय, टीव्हीवर चालतंय, तुमच्याच लॅपटॉपला काय धाड भरलीय?" मी चिडायचो, पण खरं सांगायचं तर निम्मं निदान तिनेच केलं होतं. राउटर ठीक, लाइन ठीक, बाकी सगळ्यांना नेट मिळतंय, म्हणजे जे काय आहे ते लॅपटॉपच्या आतच.

माझं काम पीएलसी (कारखान्यातली मशीनं चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि पॅनेलच्या सर्व्हिसचं. चाकण, रांजणगाव, भोसरी अशी फिरती, घर चिंचवडला. ऑफिसात आयटीवाल्याने लॅपटॉपला फिक्स आयपी दिलेला आणि नेटसाठी प्रॉक्सी, घरी सगळं ऑटो, साइटवर पॅनेलमधे केबल लावली की प्रत्येक ठिकाणी वेगळा आयपी, आणि तिथे नेट हवं तर मोबाईलचा हॉटस्पॉट. लॅपटॉप बिचारा बारा गावचं पाणी पितो आणि प्रत्येक गावचं पाणी बदललं की आजारी पडतो.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं, नेटवर्क प्रोफाइल बदलणारी फुकटातली सॉफ्टवेअरं टाकली. एक क्लिक केलं की 'ऑफिस', एक क्लिक केलं की 'घर'. दोन-चार दिवस छान वाटतं, मग एखाद्या विंडोज अपडेटनंतर ते बंद पडतं किंवा आयपी बदलतं पण प्रॉक्सी तसाच ठेवतं, आणि आता बिघाड विंडोजमधे आहे की त्या सॉफ्टवेअरमधे हे कळायला आणखी तासभर जातो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला आधी जाऊच नका. आधी एवढंच बघा की कुठली सेटिंग कशाला चिकटलीय. हे एकदा कळलं की निम्म्या गोष्टी बदलाव्याच लागत नाहीत.

म्हणजे कसं, वाय-फायचा पासवर्ड त्या त्या वाय-फायच्या नावाला चिकटलेला असतो, म्हणून घरचा पासवर्ड ऑफिसात आडवा येत नाही. पण जुन्या कंट्रोल पॅनेलमधे जाऊन, म्हणजे रनमधे एनसीपीए डॉट सीपीएल टाकून जी खिडकी उघडते तिथे आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमधे जो आयपी टाकता, तो वाय-फायच्या नावाला नाही, अख्ख्या कार्डाला (लॅपटॉपमधल्या नेटवर्कच्या हार्डवेअरला) चिकटतो. कार्ड तेच, मग तुम्ही घरी जा, सासरी जा नाहीतर हॉटेलात, आयपी ऑफिसचाच. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) तिथे टाकला तर त्याचंही तेच. आणि प्रॉक्सी तर कार्डालासुद्धा नाही, तुमच्या लॉगिनला चिकटतो, म्हणजे वाय-फाय, केबल, हॉटस्पॉट काहीही असो, मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल तर ब्राउझर त्यालाच शोधत बसणार. माझा घोळ हा होता की आयपी, डीएनएस आणि प्रॉक्सी तिन्ही चुकीच्या जागी चिकटवलेले, आणि मी दर वेळी जे आधी आठवेल ते बदलायचो.

तर बंद पडलं की आधी नीट बघा. कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग, पुढे एक स्पेस, तिरकी रेघ आणि ऑल. लांबलचक यादी येते, त्यात आपल्या कार्डाखालच्या चारच ओळी वाचायच्या. डीएचसीपी एनेबल्डसमोर (डीएचसीपी म्हणजे आपोआप आयपी वाटायची सोय) 'नो' असेल तर आयपी कुणीतरी हाताने टाकलाय. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने पत्ता मागितला पण कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, त्याने नेट चालत नाही. गेटवेसमोर रिकामं असेल तर बाहेर जायचा रस्ताच नाही. डीएनएससमोर ऑफिसातल्या सर्व्हरचा १० ने सुरू होणारा आकडा घरी दिसत असेल तर चोर सापडलाच. नंतर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. आकड्याला पिंग लागतोय पण नावाला लागत नाही, तर डीएनएस. दोन्हीला लागतोय आणि तरी ब्राउझर रडतोय, तर बहुतेक प्रॉक्सी. क्रोममधे तर स्पष्टच येतं की प्रॉक्सी सर्व्हरशी कनेक्ट होता आलं नाही, पण आपण ते वाचत नाही, 'नो इंटरनेट' एवढंच वाचतो आणि राउटर बंद-चालू करायला उठतो.

आता वाय-फायचं. हे सगळ्यात सोपं निघालं आणि हेच मला सगळ्यात उशिरा कळलं. कार्डाच्या प्रॉपर्टीजमधे जायचंच नाही, तिथे आयपी आणि डीएनएस दोन्ही ऑटो करून कायमचं विसरायचं. मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे ऑफिसच्या वाय-फायच्या नावावर क्लिक करायचं आणि आयपी असाइनमेंटसमोरच्या एडिटमधे जाऊन मॅन्युअल करून सगळं भरायचं. हा आयपी फक्त त्याच नावाला चिकटतो. घरच्या वाय-फायला जोडलं की आपोआप ऑटो. बास, स्विचिंग वगैरे काही नाही. एक खोच आहे, विंडोज १० मधे तिथे सबनेट मास्क (रेंज किती मोठी ते सांगणारा आकडा) मागत नाही, प्रीफिक्स लेंग्थ मागतं, तिथे २५५.२५५.२५५.० असं टाकलं तर सेव्हच होत नाही आणि नुसतं 'सेटिंग्ज तपासा' म्हणतं. तिथे २४ टाकायचं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. दुसरं म्हणजे विंडोज ११ मधे हार्डवेअर प्रॉपर्टीज असं वेगळं पान आहे, तिथला डीएनएस परत कार्डालाच चिकटतो, दिसायला दोन्ही पानं सारखीच, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत ते वरचं नाव वाचून खात्री करा.

त्याहून भारी उपाय म्हणजे ऑफिसच्या आयटीवाल्याला चहा पाजून सांगायचं की बाबा, माझा आयपी तुझ्या राउटरमधेच माझ्या कार्डाच्या स्वतःच्या नंबरला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधून टाक. मग लॅपटॉप ऑटोवर राहतो आणि तरी दर वेळी तोच आयपी मिळतो. फक्त विंडोजमधे रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू असेल तर त्या नेटवर्कपुरतं ते बंद ठेवा, नाहीतर मॅकच बदलत राहतो आणि बांधलेलं सुटतं. डॉकला किंवा यूएसबीच्या लॅनला जोडत असाल तर त्यांचा मॅक वेगळा असतो, तोही द्यावा लागतो. आमच्या इथे हे झालं नाही, का ते विचारू नका.

खरी डोकेदुखी केबलची. वाय-फायला नाव तरी असतं, केबलला नाव नसतं, विंडोजला कळतच नाही की ही ऑफिसची वायर आहे की पॅनेलची. तिथे विंडोजमधे एक जुनी सोय आहे जी कुणी बघत नाही. आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमधे आयपी ऑटोवर ठेवला असेल तरच 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' नावाचा दुसरा टॅब दिसतो, फिक्स केलात की गायब होतो. त्यात एक फिक्स आयपी टाकून ठेवता येतो. लॅपटॉप आधी डीएचसीपीला विचारतो, कुणी उत्तर दिलं तर तो घेतो, नाही दिलं तर हा टाकलेला. पॅनेलमधे डीएचसीपी देणारं सहसा कुणी नसतं, त्यामुळे घरी राउटरला केबल लावली तर ऑटो आणि पॅनेलला लावली तर आपला फिक्स, हात न लावता. जिथे एकच ठरलेली दुसरी जागा आहे, म्हणजे घर आणि एक दुकान किंवा घर आणि एकच मशीन, त्यांचं काम इथेच संपलं, पुढे वाचायची गरज नाही. दोन तोटे आहेत. केबल लावल्यावर तो आधी वाट बघतो, मग दुसरा आयपी घेतो, तेवढा धीर धरावा लागतो, आमच्याकडचे ज्युनिअर तेवढ्यात तीनदा केबल काढून लावतात आणि म्हणतात सर, होत नाहीये. आणि एकच पर्याय ठेवता येतो, माझ्यासारख्याला पाच साइट असतील तर पुरत नाही.

माझं काम झालं ते यूएसबीच्या लॅन अ‍ॅडॅप्टरने. सेटिंग कार्डाला चिकटते ना, मग कार्डच वेगळं करू! लॅपटॉपचा स्वतःचा लॅन पोर्ट कायम ऑटोवर, तो ऑफिस आणि घरच्या केबलसाठी, आणि प्लँटच्या केबलसाठी हा वेगळा अ‍ॅडॅप्टर, त्याच्यावर फिक्स आयपी. फिक्स केल्यावर अ‍ॅडव्हान्स्डमधे जाऊन अ‍ॅड करत करत एकाच कार्डावर अनेक आयपी टाकता येतात, मी १९२.१६८.०.२४०, १९२.१६८.१.२४० आणि दोन गिऱ्हाइकांच्या १० च्या रेंजमधले असे टाकून ठेवलेत, पॅनेल कुठल्याही रेंजचं असो, केबल लावली की दिसतं. पण हे नुसत्या पॅनेलला केबल लावायची असेल तरच. जिथे अख्ख्या प्लँटच्या स्विचमधे केबल जाते तिथे आधी त्यांच्या माणसाला विचारून मोकळा आयपी घ्यायचा आणि तेवढाच ठेवायचा. मी एकदा न विचारता .१० लावला, तो तिथल्या एचएमआयचा (मशीन चालवायच्या स्क्रीनचा) निघाला, स्क्रीन अडकली, सुपरवायझर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, या अ‍ॅडॅप्टरवर गेटवेची जागा रिकामी ठेवायची. रिकामीच. सवयीने लोक तिथे १९२.१६८.०.१ टाकतात आणि मग म्हणतात पॅनेलला जोडलं की हॉटस्पॉटचं नेट जातं. जाणारच, कारण दोन गेटवे झाले की विंडोज कमी मेट्रिकवाला (मेट्रिक म्हणजे रस्त्याच्या पसंतीचा आकडा) रस्ता धरतं, आणि ऑटो मेट्रिकमधे केबल सहसा वाय-फायच्या पुढे असते, म्हणजे तुमचं सगळं नेट पीएलसीकडे निघालं, त्याने बिचाऱ्याने काय करायचं. गेटवे रिकामा असेल तर त्या केबलवरून फक्त त्या रेंजचं जाणार, बाकी सगळं वाय-फायने.

तरीही एक भांडण होतं, दोन्हीकडे एकच रेंज असली की. सिमेन्सच्या टीआयए पोर्टलमधे (पीएलसीचा प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमधे) नवीन एस७-१२०० पीएलसी घेतला की पत्ता १९२.१६८.०.१ येतो, आणि बऱ्याच घरगुती राउटरचाही पत्ता नेमका हाच. मग घरी टेबलावर पीएलसी टेस्ट करायला घेतला की लॅपटॉपला कळत नाही १९२.१६८.०.१ म्हणजे राउटर की पीएलसी. मी सोपं केलं, घरच्या राउटरची रेंजच बदलून १९२.१६८.५७ केली. पाच मिनिटांचं काम, नंतर मोबाईल-टीव्ही एकदा परत जोडले गेले की झालं. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ची रेंज देतो त्यामुळे तो सहसा आडवा येत नाही.

अ‍ॅडॅप्टर घेताना एक बघा. काही स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, मग तोच अ‍ॅडॅप्टर डाव्याऐवजी उजव्या यूएसबीत लावला की विंडोजला तो नवीनच वाटतो, 'इथरनेट ५' म्हणून येतो, कोरा, सगळे आयपी गायब. माझा पहिला असाच होता, मी आठवडाभर विंडोजला शिव्या घातल्या. असाच असेल तर एक पोर्ट ठरवा आणि त्याला स्टिकर लावा. आणि कार्डाचं नाव बदलून 'प्लँट' ठेवा, यादीत इथरनेट २ की ३ हे रात्री बारा वाजता साइटवर आठवत नाही.

अजून एक, गेटवे रिकामा असला की विंडोज त्याला 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि पब्लिक धरतं. लॅपटॉपवरून पॅनेलला पिंग जातो पण पॅनेलकडून लॅपटॉपला येत नाही, शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, ते फायरवॉलमुळे. केबल खराब नाहीये. फायरवॉल अख्खी बंद करू नका, जो प्रोग्राम हवा त्याला पब्लिकमधे परवानगी द्या.

आता प्रॉक्सी, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. हा लॉगिनला चिकटतो, त्यामुळे कार्डाची युक्ती इथे चालत नाही. आधी मी दोन बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेल्या फाइल) केल्या, एक प्रॉक्सी चालू करणारी, एक बंद करणारी, रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला) एक आकडा ० चा १ करायचा एवढंच काम. चालायचं, पण डबलक्लिक करायचं लक्षात राहायला हवं ना. मग म्हटलं टास्क शेड्युलरला (कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला) सांगू. शेड्युलरमधे 'ऑन अ‍ॅन इव्हेंट' असा ट्रिगर आहे, त्यात नेटवर्क प्रोफाइलचा ऑपरेशनल लॉग घ्यायचा आणि इव्हेंट आयडी १००००, म्हणजे कुठलंही नेटवर्क जोडलं गेलं की टास्क धावतो. टास्कमधे बॅच फाइल, तिने ऑफिसच्या प्रॉक्सी सर्व्हरला पिंग करायचा, लागला तर प्रॉक्सी चालू, नाही लागला तर बंद. कागदावर एकदम फर्स्टक्लास.

ऑफिसात चाललं. घरी नाही. घरीसुद्धा कधीकधी चालायचं, हे जास्त वाईट, कारण कायमचं बिघडलेलं शोधता येतं, अधूनमधून बिघडणारं जीव खातं. दोन आठवड्यांनी कळलं, टास्कच्या कंडिशन्स टॅबमधे 'चार्जर लावलेला असेल तरच सुरू करा' याची खूण आपोआप आलेली असते. घरी मी सोफ्यावर बॅटरीवर बसतो. चार्जर लावलेला असला तरच माझा प्रॉक्सी निघत होता! ती खूण काढली.

मग दुसरंच. चार्जर असो नसो, घरी आल्यावर प्रॉक्सी चालूच होत होता. इथे पिंगने घात केला. विंडोजचं पिंग, समोरून 'डेस्टिनेशन अनरीचेबल' असं उत्तर आलं तरी बॅच फाइलला 'यशस्वी' म्हणूनच सांगतं, कारण उत्तर तर आलं ना. घरून ऑफिसच्या १० च्या पत्त्याला पिंग केला की वाटेतला एखादा राउटर सांगायचा की असा पत्ता नाही, आणि माझी फाइल म्हणायची वा, ऑफिसात आलो. उपाय असा की एररलेव्हल (यशस्वी की नाही ते सांगणारा आकडा) बघायचा नाही, उत्तरात टीटीएल आणि त्याला लागून बरोबरचं चिन्ह आलंय का ते शोधायचं. खऱ्या उत्तरातच ते असतं.

हे सगळं करून झाल्यावर आयटीवाल्याने सहज विचारलं, "सर, तुम्ही पॅक फाइल का नाही वापरत?" म्हटलं अरे, दोन वर्षं कुठे होतास. पॅक फाइल म्हणजे ऑफिसच्या आतल्या सर्व्हरवर ठेवलेली एक छोटी स्क्रिप्ट, तिच्यात लिहिलेलं असतं कुठल्या साइटला प्रॉक्सीतून जायचं आणि कुठल्या थेट. सेटिंग्जमधे प्रॉक्सीच्या पानावर 'यूज सेटअप स्क्रिप्ट' चालू करून तिचा पत्ता टाकायचा, खालचा मॅन्युअल प्रॉक्सी बंद. ऑफिसात असलं की स्क्रिप्ट सापडते, प्रॉक्सी लागतो. घरी तो आतला सर्व्हरच सापडत नाही, स्क्रिप्ट मिळत नाही, ब्राउझर गुपचूप थेट जातो. लॅपटॉप उघडल्यावर पहिलं पान जरा उशिरा येतं, बाकी काही नाही. माझी बॅच फाइल, शेड्युलर, टीटीएल, सगळं त्या दिवशी डिलीट. स्क्रिप्ट लॅपटॉपमधेच सेव्ह करून तिचा पत्ता द्यायचा शहाणपणा करू नका, विंडोज १० पासून तसं चालत नाही, ती सर्व्हरवरच हवी. ऑफिसवाले पॅक देत नसतील तर मात्र शेड्युलरचाच रस्ता, वरचे दोन खड्डे चुकवून. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधे 'यूज सिस्टम प्रॉक्सी' आहे ना ते बघा, तो स्वतःचा वेगळा संसार मांडून बसलेला असू शकतो.

लिनक्सवाल्यांना यातलं निम्मं लागतच नाही, नेटवर्कमॅनेजरमधे एकाच केबलचेसुद्धा वेगवेगळे प्रोफाइल करता येतात आणि नेटवर्क बदललं की स्क्रिप्ट धावायला डिस्पॅचरचं फोल्डर तयार असतं. अॅपलच्या मॅकवर 'लोकेशन्स' आहे, ऑफिस, घर असे संच करून ठेवता येतात, पण निवडायचे हातानेच.

सध्या माझ्याकडे एकच गोष्ट हाताने करावी लागते. पायथनचं पिप आणि गिट (कोड उतरवून घ्यायची साधनं) यांच्यासाठी मी कधीकाळी प्रॉक्सी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे (प्रोग्राम सुरू होताना वाचतात त्या सेटिंगमधे) टाकला होता, ते पॅक फाइलला विचारत नाहीत, जे लिहिलंय ते धरून बसतात. घरी काही इन्स्टॉल करायचं झालं की ते व्हेरिएबल काढायचं आणि कमांडची खिडकी बंद करून परत उघडायची, नाहीतर जुनंच धरून चालतं. महिन्यातून दोनदा लागतं. तेवढ्यासाठी परत शेड्युलरच्या नादी लागायची माझी हिंमत नाही.